माणसाकडे द्यावा

“हे वाक्य फार सैल आहे, मॅडम,” साहेबांनी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला. “म्हणे, ग्राहक घाबरलेला किंवा गोंधळलेला वाटल्यास फोन माणसाकडे द्यावा. अहो, दवाखान्यात फोन करणारा प्रत्येक जण घाबरलेलाच असतो. एजंट निम्मे फोन पलीकडे ढकलतोय.”

एजंट म्हणजे विम्याचा नव्हे. तो निदान घरी येऊन चहा तरी पितो. हा संगणकातला. बऱ्याच दवाखान्यांचे फोन या कंपनीकडे येत आणि हल्ली ते आधी हा एजंट उचले. त्याच्या हाताशी काही साधनं दिली होती: अपॉइंटमेंट देणं, ती रद्द करणं, रिपोर्ट पाठवणं आणि सगळ्यात शेवटी, फोन माणसाकडे देणं. कुठलं साधन केव्हा वापरायचं, हे त्याला त्या साधनाशेजारच्या मजकुरावरूनच कळे. तो मजकूर लिहायचं काम तिचं. ऑफिसात तिला सगळे खुलासेबाई म्हणत.

“मग काय लिहू?”

“जिवाला धोका असेल तरच द्यावा, असं. आणि ते ‘वाटल्यास’ काढून टाका. त्याला काय वाटणार आहे?”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं, म्हणूनच तिला जास्त चीड आली. कारण मजकुरातला ‘माणूस’ म्हणजे अक्का होत्या. फोनच्या खोलीत पूर्वी इतका गलका असे, की दार लावून घ्यावं लागे. आता तिथे एकट्या अक्का उरल्या होत्या.

खुलासेबाई नवीन होती तेव्हा तिची मदतीची पानं वाचून लोकांचा गोंधळ वाढायचा आणि ते सगळे फोन अक्कांच्या डोक्यावर येऊन आदळायचे. एक दिवस अक्का तिच्या टेबलाशी येऊन बसल्या. “हे जे काय लिहिलंयस ना, ते मला वाचून दाखव,” म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. दोन ओळी झाल्या नाहीत तोच, “नाही कळलं.” तिने बदललं. “नाही कळलं.” तिला पार रडकुंडीला आणलं त्या दिवशी. पण तेव्हापासून पद्धतच पडली. अक्कांनी डोळे मिटून “कळलं” म्हटल्याशिवाय तिचं एकही पान बाहेर गेलं नाही. तिच्या लिहिण्याचं आज कंपनीत कौतुक होतं, ते असं घडलेलं होतं.

वाक्य आवळल्यावर अक्कांचा फोन दिवसातून कधीतरीच वाजू लागला.

“लोक बरे झाले की काय गं सगळे?” अक्का हसल्या. मग हेडफोन गळ्यात तसाच ठेवून म्हणाल्या, “भाऊ चांगला आहे माझा. भावजयही काही वाईट नाही. पण दिवसभर घरात बसले ना, तर कुठे बसायचं हा प्रश्नच आहे. इथे कशी, खुर्ची तरी माझी आहे.”

खुलासेबाईने विषय बदलला.

मग साहेबांनी पुन्हा बोलावलं. ते खुशीत होते. एजंट आता रुग्णवाहिकाही थेट बोलावू शकत होता, म्हणजे जिवाला धोका असला तरी माणसाचं काम उरलं नव्हतं. “ते शेवटचं साधन काढून टाकायला वेळ लागेल, बऱ्याच ठिकाणी जोडलेलं आहे. तोवर मजकुरातच लिहा, वापरू नये म्हणून. तुम्ही लिहिलं की तो बरोबर ऐकतो.”

घरी नवरा लसूण सोलत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. “तू नाही लिहिलंस तर दुसरं कुणीतरी लिहील,” तो म्हणाला. “आणि गचाळ लिहील.”

गचाळ! तिच्या डोक्यात तोच शब्द बसला. दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यात पहिल्यांदाच मुद्दाम गचाळ लिहिलं: शक्यतो, परिस्थिती पाहून, आवश्यकतेनुसार, योग्य त्या प्रसंगी माणसाकडे देण्याचा विचार करावा. एखादी सरकारी नोटीस शोभली असती. निदान अक्कांचा फोन तरी वाजेल, एवढीच तिची आशा होती.

वाजलाही. पार्किंग कुठे आहे, असं विचारणारा गृहस्थ अक्कांकडे गेला. आणि बायकोचा रिपोर्ट ऐकून बोलायचाच थांबलेला माणूस एजंटकडे राहिला. एजंट त्याला पुन्हा पुन्हा, गोड आवाजात, आणखी काही मदत हवी आहे का, असं विचारत होता.

ते रेकॉर्डिंग ऐकून तिला स्वतःची शिसारी आली. तिने वाक्य पुसलं आणि दुसरं लिहिलं. चाचणीचे सगळे फोन झाले. एजंट एकदाही चुकला नाही. साहेबांनी चारचौघांत टाळ्या वाजवल्या. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, तिला वाटलं. आणि वर टाळ्याही घ्यायच्या.

अक्कांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी ती त्यांच्या खोलीत गेली. माफी मागायचं ठरवून गेली होती, पण अक्कांनी बोलूच दिलं नाही.

“ते वाक्य वाचून दाखव मला.”

“कशाला, अक्का?”

“अगं, आजवर सगळं मलाच वाचून दाखवलंस ना? मग हेही वाच.” त्या खुर्चीत नीट बसल्या आणि त्यांनी डोळे मिटले.

तिने वाचलं. “हे साधन वापरू नये. ग्राहकाने माणसाशी बोलायचे आहे असे म्हटल्यास, माणूस उपलब्ध नाही असे सांगावे आणि स्वतःच मदत करावी.”

ती थांबली. त्या “नाही कळलं” म्हणतील, या एका गोष्टीसाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. आजच्या दिवस तरी म्हणाव्यात.

अक्कांनी डोळे उघडले.

“कळलं,” त्या म्हणाल्या. “एका दमात कळलं गं. चांगलं लिहिलंयस.”

मग त्यांनी हेडफोनची वायर सावकाश गुंडाळली, तिला गाठ पडू नये म्हणून टोक आत खोचलं आणि हेडफोन तिच्या हातात दिला.