आठवं कडवं

शाळेच्या मैदानावर अख्खं गाव एकाच रांगेत बसलं होतं. एकाचं तोंड उत्तरेला, तर पुढच्याचं दक्षिणेला. शेवंता घोलपला त्यात काही वावगं वाटलं नाही. बारा वर्षं ती खो-खो खेळली होती, तीही राज्याच्या संघातून. माणसं अशीच बसतात. तिला धास्ती वाटली ती रांगेच्या लांबीची. पार शेवटच्या खांबाशी पाटावर कावेरी बसली होती. नववीतली पोर, अंगाला हळद. 'बाई, सोमवारी माझं लग्न लावतायत, तुम्ही या,' अशी चिठ्ठी तिनंच धाडली होती. आज सोमवार होता.

खेळ सुटल्यापासून शेवंता गावोगाव बालविवाहावर बोलायची. नुसत्या भाषणाला लोक जांभया देतात, म्हणून डफ घेऊन गायची. चाल मंगलाष्टकांची, कडवी आठ, शब्द तिचे स्वतःचे. या युक्तीवर बाई भलत्याच खूश असायच्या.

तिनं सूर लावला. "आहे पोर लहान, पाठ शिकते, पाटी तिला राहू द्या... सावधान!"

सगळ्या गावाचे हात उठले आणि अक्षता पडल्या. कावेरीच्या हातात हिरवा चुडा आला.

"अहो, अक्षता कसल्या टाकताय!" शेवंता ओरडली.

"चाल ऐकली की हात जातोच ओ बाई," सरपंच म्हणाले. त्यांची तिच्याकडे पाठ होती. "म्हणा तुम्ही. ग्वाड म्हणताय."

शेवंतानं तोंड मिटून घेतलं. मग रांगेनंच दुसरं कडवं उचललं. तिचे शब्द सगळ्यांना तोंडपाठ होते, एक काना इकडचा तिकडे नाही. सावधान. कावेरीच्या कपाळावर मुंडावळ्या आल्या, आणि रांगेत चार माणसं वाढली.

डफ टाकून शेवंता पळत सुटली. तिसरं कडवं झालं, चौथं झालं. दर सावधानला चार पाठी वाढत होत्या आणि खांब लांब जात होता. पाचव्याला कावेरीसमोर अंतरपाट धरला गेला. सहाव्याला त्यापलीकडे एक बाप्या खाकरला. शेवंताच्या छातीचा भाता झाला होता. मागं फिरायची सोय नव्हती. एकदा दिशा धरली की धरली.

सातवं कडवं संपता संपता ती पोचली.

"ऊठ, पळ!" ती म्हणाली.

"खो दिल्याबिगर कशी उठू?" कावेरी म्हणाली. ती शाळेच्या संघात होती. "आणि बाई, खो दिला की माझ्या जागी तुम्हाला बसावं लागंल."

हे शेवंताला ठाऊक नव्हतं थोडंच? ती घाबरली. चांगलीच घाबरली. तिनं एकदा अंतरपाटाकडं पाहिलं आणि पोरीच्या पाठीवर थाप मारली.

"खो!"

कावेरी सुसाट सुटली. खांबाला वळसा घालून शेताच्या बांधापलीकडं दिसेनाशी झाली. शेवंता पाटावर बसली. पाट अजून गरम होता.

गावानं आठवं कडवं सुरू केलं. शेवंताला त्यातला एकही शब्द आठवेना. तिनं तोंड झाकायला हात वर केले. हात लहान होते, चौदा वर्षांचे, आणि चुडा त्यांना अगदी मापात बसला होता. मूठभर अक्षता घेऊन गाव थांबलं होतं. अंतरपाट खाली येऊ लागला.