जावयाच्या वाणाचा डबा

मी डबा बोलतोय. स्टीलचा, गोल, घट्ट झाकणाचा, फळीवर दुसऱ्या रांगेत बसणारा. हसू नका. डब्याला काय कळतं असं म्हणायच्या आधी एवढं ऐकून घ्या, की मी परदेशातल्या पोलिसांच्या टेबलावर बसून आलेलो आहे. तिथे मी जे पाहिलं, त्यातून मी अजून सावरलेलो नाही.

माझी सुरुवात अगदी साधी. नागपूरच्या इतवारीत, भांड्यांच्या गल्लीतल्या एका दुकानात मी होतो. नूपुरच्या आत्यानं तिच्या लग्नासाठी मला निवडलं, पुन्हा पुन्हा झाकण लावून पाहिलं आणि दुकानदाराला नाव घालायला सांगितलं. छोटं मशीन घरघर करत माझ्या झाकणावरून फिरलं: 'चि. सौ. कां. नूपुर हिस, आत्याकडून'. अंगाला झिणझिण्या आल्या, पण नंतर बरेच दिवस मी त्या अक्षरांच्या तोऱ्यात होतो. नाव असलेलं भांडं हरवत नाही, असं आत्या म्हणाली होती.

लग्नानंतर नूपुर आपल्या नवऱ्याबरोबर, पियुषबरोबर, आखातातल्या एका देशात राहायला गेली. जाताना बॅग जड झाली आणि सगळ्यात आधी मलाच बाहेर काढलं. मला भयंकर राग आला होता. मग मी नंदनवनातल्या तिच्या माहेरीच राहिलो, तिची आई चारुशीलाबाई यांच्या स्वयंपाकघरात. माझ्यात कधी रवा असायचा, कधी शेंगदाणे. पण मला घासताना बाई हमखास म्हणायच्या, "हा नूपुरचा डबा आहे, तिले द्यायचा आहे."

यंदा तो योग आला. नूपुरचा धाकटा भाऊ आर्यन लिफ्टच्या कामातला इंजिनियर आहे. त्याला तिच्याच शहरात नोकरी लागली. त्यात यंदा अधिक महिना. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. जावई एवढ्या लांब, त्याला वाण कसं द्यावं या काळजीत बाई होत्या. आता मुलगाच तिकडे निघाला होता. डबाही मुलीचाच होता, आणि मुलीचा डबा रिकामा पाठवायची आपल्यात पद्धत नाही.

मे महिना, नागपूरचं ऊन. कूलरची हवा बैठकीतच अडकलेली, आणि बाई घामानं निथळत अनारसे तळत होत्या. खसखशीवर थापलेला एकेक अनारसा तुपात सोडला की त्याला सुरेख जाळी पडत होती. तेवढ्यात नूपुरचा फोन आला. तो स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आला.

"आई, अनारसे करून राहिली का? किती दिवस झाले वं खाऊन! इथं तं खसखसच भेटत नाही."

"भेटत नाही?" बाईंचा जीव गलबलला. "मंग सांगायचं न आधी! पाठवते न मी."

झालं. खसखस काहून भेटत नाही, हे कुणीच विचारलं नाही. आईला वाटलं, तिकडे महाग असेल. मुलीनं तिथल्या दुकानदाराला कधी विचारलं नव्हतं. खसखस अफूच्या बोंडातून निघते, म्हणून त्या देशात ती अमली पदार्थांच्या यादीत आहे, हे मला पुढे त्या टेबलावर कळलं. आपल्या रोजच्या वाटणातली खसखस! मी डबा असून मला धक्का बसला, तर माणसांचं काय झालं असेल.

अनारसे माझ्यात रचून झाले, आणि मधल्या जागेत बाईंनी गाठ मारलेली खसखशीची पिशवी दाबून बसवली. माझं झाकण जेमतेम लागलं.

बॅग भरायला सगळं घर जमलं. आर्यनचे वडील मधुसूदनराव सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, नियमाचा माणूस. त्यांनी शेजारून वजनकाटा आणला होता. बॅग काट्यावर चढवायची, आकडा वाचायचा, कपाळाला आठ्या घालायच्या, एक टॉवेल कमी करायचा आणि पुन्हा चढवायची. संत्रा बर्फी आत गेली, लोणचं आत गेलं, पांघरूण बाहेर आलं. बॅगेचं वजन किती, हे त्या घरात प्रत्येकाला तोंडपाठ होतं. बॅगेत काय काय आहे, हे फक्त बाईंना माहीत होतं. आर्यन बाहेर मित्रांचा निरोप घेत होता.

"बाबा, मी एकदा बॅग पाहून घेऊ का?" त्यानं आत येऊन विचारलं.

"काय पाह्यतं गा तिच्यात? आईनं भरली न! वजन बरोबर आहे. आता उघडली तं पुन्हा लागणार नाही."

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "बॅग तुम्हीच भरली का?" आर्यन म्हणाला, "हो." "दुसऱ्या कुणी काही दिलंय?" "नाही." मी शर्टांमध्ये गुंडाळलेला होतो आणि मला ऐकून कसंसंच झालं. एवढं सहज खोटं! पण मागून येणारा प्रत्येक जण हेच सांगत होता. ती मुलगीही उत्तराकडे फारसं लक्ष देत नव्हती.

तिकडच्या विमानतळावर मात्र बॅग पट्ट्यावरून थेट बाजूला ओढली गेली. झाकण उघडलं तेव्हा समोर एक तरुण अधिकारी होता. अनारशांची जाळी पाहून त्यानं कौतुकानं मान हलवली, हे मी शपथेवर सांगतो. मग त्यानं मधली पिशवी उचलली आणि त्याचा चेहरा बदलला. त्यानं कुणाला तरी हाक मारली, आणि हिंदी बोलणारा एक कर्मचारी येऊन उभा राहिला.

"ये किसने पॅक किया?"

"मैंने," आर्यन म्हणाला. नागपूरला जे बोलला होता तेच तोंडून निघालं.

"किसके लिए?"

"अपने लिए."

अरे, अपने लिए काय! तेहतीस अनारसे एकटा खाणार होतास का? मला ओरडावंसं वाटत होतं. त्या माणसानं माझं झाकण उजेडाकडे धरलं. त्याला देवनागरी वाचता येत होती. त्यानं एकेक अक्षर लावून वाचलं आणि विचारलं, "ये नूपुर कौन है?"

ती अक्षरं अंगावरून खरवडून टाकता आली असती, तर मी त्या क्षणी टाकली असती. इतकी वर्षं ज्या नावाचा मला एवढा अभिमान होता, त्यानंच त्या मुलीला या खोलीत ओढून आणलं होतं.

नूपुर आणि पियुष बाहेर हार घेऊन उभे होते. नूपुरला आत बोलावलं. भाऊ कोपऱ्यात उभा पाहिला आणि ती काही न विचारता बोलून गेली, "मैंने मंगवाया था. मेरे भाई का कोई कसूर नहीं." मग अधिकाऱ्यांनी नागपूरला फोन लावला. चारुशीलाबाईंचा आवाज त्या परक्या खोलीत घुमला, "साहेब, मी भरली हो बॅग! पोराले काहीच माहीत नाही. त्याले सोडा, मले काय करायचं ते करा!"

एकाच पिशवीबद्दल तीन माणसांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. खरी एकच होती, आणि ती सगळ्यात शेवटी आली. आपल्या घरांत हे नेहमीचंच आहे. कप फुटला तरी आई म्हणते माझ्या हातून फुटला, आणि बहीण म्हणते माझ्या. त्यात प्रेम असतं. पण त्या अधिकाऱ्याला ते प्रेम कसं दिसावं? त्याला ही ठरवून केलेली लपवाछपवी वाटली. नूपुरला पुष्कळ विचारपूस करून संध्याकाळी सोडलं. आर्यनला एका दारातून आत नेलं आणि ते दार बंद झालं.

मला प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चिठ्ठी चिकटवून एका कपाटात ठेवलं. तिथले सोबती पाहून मी आणखीच गार पडलो. खोकल्याच्या औषधाची बाटली होती. कुणाच्या तरी कंबरदुखीच्या गोळ्या होत्या. त्या आपल्याकडे साध्या, त्या देशात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नेता येत नाहीत. एक पार्सल होतं, ते तर ज्यानं आणलं त्यानंही उघडून पाहिलेलं नव्हतं; कुणाच्या मावशीनं कुणाच्या भाच्यासाठी दिलं होतं म्हणे. आमच्यातला एकही गुन्हेगार वाटत नव्हता. आम्ही सगळे लाडानं पाठवलेले होतो.

आर्यन तीन आठवड्यांनी सुटला. पियुषनं वकील गाठला होता, प्रयोगशाळेचा अहवाल आला होता, खसखस खाण्यापुरतीच होती हे न्यायाधीशांना पटलं होतं. पण तोवर कंपनीनं नोकरी रद्द केली होती आणि व्हिसाही गेला होता. त्या देशात आता त्याला पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही. बहिणीकडे साधं भेटायलासुद्धा नाही. वकील त्याला म्हणाला, "पहिल्याच तासात खरं सांगितलं असतंस, तर बहुधा एवढं ताणलं नसतं." मला रिकामा करून त्याच्या हातात दिलं, तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

नागपूरला चारुशीलाबाईंनी त्याचा चेहरा, खांदे, हात सगळं चाचपून पाहिलं.

"बाळा, तू मी भरली असं काहून नाही सांगितलं गा?"

"तुले घेऊन जातील असं वाटलं," आर्यन म्हणाला.

"मी इथं, तं मले कसे नेतील रे!"

"त्या वेळी काही सुचलं नाही, आई."



यानंतर तरी शहाणपण येईल असं मला वाटलं होतं. पण मधुसूदनरावांनी घरात फर्मान काढलं, "कोणाले काही सांगायचं नाही. पोराचं लग्न व्हायचं आहे. तिथली हवा मानवली नाही म्हणायचं." आणि सगळी गल्ली हेच ऐकून हळहळली. आर्यन दिवसभर आतल्या खोलीत दार लावून बसू लागला. कुणी आलं की कूलर मोठा करायचा, म्हणजे बाहेरचं बोलणं ऐकू येत नाही.

आज दुपारी शेजारची दिपाली आली. तिचा नवरा रोशन ड्रायव्हरच्या नोकरीवर त्याच भागात निघालाय.

"काकू, तुमचा तो घट्ट झाकणाचा डबा द्या न. हे परवा निघून राहिले. सासूबाईनं सावजी मसाला करून ठेवला आहे, तिकडं भेटत नाही म्हणते."

पेपरमागून मधुसूदनराव म्हणाले, "दे न तिले. डबाच तं आहे."

बाईंनी मला खाली काढलं, पदरानं पुसलं आणि पुढे केलं. दिपालीनं मला धरलं. पण बाईंचे हात सुटेनात.

"दिपाली, मसाल्यात खसखस आहे का वं?"

"हो न. खसखशीबिगर सावजी होते का? काहून?"

"बस जराशी."

"अवं चारू," पेपर खाली आला, "काय बोलून राहिली तू?"

"राहू द्या हो आता. लग्नाचं पाहू मंग. हिचं लेकरू अजून चालत नाही." बाई दिपालीकडे वळल्या. "आर्यनले हवाबिवा काही लागली नाही. त्याले तिथं कोंडलं होतं. मी दिलेल्या खसखशीपायी. आणि आम्ही सगळे खोटं बोललो म्हणून जास्त दिवस कोंडलं."

दिपालीच्या चेहऱ्याचं वर्णन मला जमणार नाही. तिनं मला सोडलं आणि तोंडावर हात ठेवला. मधुसूदनराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

तेव्हा आतल्या खोलीतला कूलर बंद झाला. आर्यन दारात आला. कितीतरी दिवसांनी त्याला परक्या माणसासमोर उभा पाहत होतो.

"वहिनी, रोशनभाऊले इकडं बोलवा. बॅग भरली असन तं बॅगसुद्धा. सगळी उघडू. तिथल्या सरकारची बंदीची यादी असते, मी काढून देतो. औषध असन तं डॉक्टरची चिठ्ठी लागते. कोणी पुडकं दिलं असन तं घेऊच नका म्हणा, राग आला तं येऊ द्या त्याले." त्यानं मला आईच्या हातातून घेऊन टेबलावर ठेवलं. "आणि विचारलं न, बॅग कोणी भरली, तं जे खरं आहे ते पह्यल्याच वेळी सांगा म्हणा."

दिपाली चपला न घालताच पळत गेली.

तर मंडळी, मी आता टेबलावर आहे, रिकामा, आणि मला भरायची कुणी घाई करू नये. तुमच्याकडून कुणी निघत असेल तर बॅगेचं वजन अवश्य करा, पण ती निघणाऱ्याच्या हातानं भरू द्या. तिकडे एखादी वस्तू मिळत नसेल तर पाठवायच्या आधी का मिळत नाही ते विचारा. आणि तुमचं कुणी असं पोळून परत आलं असेल, तर हवेवर ढकलू नका हो. जिन्यात बॅगेची चाकं खडखडताहेत, रोशन आला वाटतं. मी गप्प बसतो. आर्यनला बोलू द्या.