पेल्याएवढी ऊब

शाळेच्या बाईंनी डबा उघडून योगिनीसमोर धरला. सकाळी भरलेला पोळीचा रोल जसाच्या तसा होता. बाजूच्या कप्प्यातली द्राक्षंही तशीच.

"आजचा निदान परत तरी आलाय," बाई म्हणाल्या. "काल-परवा तिने तो वर्गातल्या आर्यनला देऊन टाकला. आज पीटीला उभी असताना चक्कर आली. विचारलं तर म्हणते, उपास आहे. ग्लुकोजचं पाणीसुद्धा जबरदस्तीने पाजावं लागलं."

सान्वी आजारी मुलांच्या खाटेवर पाय जुळवून झोपली होती आणि वरच्या पंख्याकडे बघत होती. आई आलेली दिसताच तिने डोळे मिटून घेतले.

"तुमच्या घरचं काय असेल ते असो," बाई आवाज खाली आणत म्हणाल्या, "पण आठ वर्षांच्या पोरीला कसले हो उपास करायला लावता?"

आपण लावला नाही, हे म्हणायचं तर मग कोणी लावला, हे योगिनीला सांगावं लागलं असतं. शिवाय गेले दोन दिवस रिकामा डबा घासताना ती मनातून खूशच झाली होती. डबा रिकामा आला की आई खूश होते, तो कोणी रिकामा केला हे विचारत नाही. तिने बाईंना सॉरी म्हटलं, दप्तर खांद्याला अडकवलं आणि मुलीला उठवलं.

माजिवड्याच्या सिग्नलला रिक्षा नेहमीसारखी अडकली. सान्वी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती.

"मम्मा, ओरडणार नाहीस ना?"

"नाही."

"खरं?"

"नाही ओरडणार गं. सांग आता."

"उद्या चर्चमधले ब्रदर ॲड्रियन मला विचारणार आहेत. बाप्तिस्म्याच्या आधी विचारतातच, असं सिस्टर ज्युलियाना म्हणाल्या. प्रार्थना केल्यावर काय वाटतं म्हणून." ती थांबली. "मला काहीच नाही वाटत."

योगिनीने दप्तर मांडीवर ओढून घेतलं.

बाहेरचे लोक ज्याला मॉर्मन म्हणतात, त्या चर्चमध्ये योगिनी कॉलेजात असताना आली होती आणि गॅविनही तिला तिथेच भेटला होता. ती डोंबिवलीच्या देवदेव करणाऱ्या घरातली, तो कोलशेतच्या जुन्या कॅथलिक घरातला. दोन्ही घरांनी बराच काळ तोंड फिरवलं, आणि मग नात झाल्यावर फिरवलेलं तोंड हळूच सरळ केलं. या चर्चमध्ये मूल आठ वर्षांचं झालं की त्याचा बाप्तिस्मा होतो. सान्वीचा येत्या शनिवारी होता. पांढरा झगा शिवून आला होता आणि कपाटाच्या दाराला लटकत होता. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठी माणसं दोन वेळचं जेवण सोडतात, पाणीही घेत नाहीत, म्हणजे प्रार्थनेला जोर येतो. मुलांना याची सक्ती नसते. पण ज्याला घाई आहे, ते मूल रविवारची वाट थोडंच बघतं?

"मी सगळं करून पाहिलं," सान्वी म्हणाली. "गुडघ्यावर बसून पाहिलं. हात घट्ट बांधून पाहिलं. मला वाटलं, मी काही वाईट केलंय म्हणून येत नसेल. तर मी आर्यनचा रबर पण परत दिला. तरी येत नाही."

"काय येत नाही, बाळा?"

"ऊब. तू सांगितलेली. गरम दुधाचा पेला छातीशी धरल्यासारखी." तिने दोन्ही हात फ्रॉकवर पेल्याच्या आकारात धरले. "मी पेला धरून पण पाहिला, म्हणजे नीट कळावं म्हणून. मग पेला ठेवला आणि प्रार्थना केली. पेल्यासारखं नाही झालं."

सिग्नल सुटला. योगिनीने मुलीला जवळ ओढलं, ते मुख्यतः तिला आपला चेहरा दिसू नये म्हणून.

पेला तिचाच होता. दिवाळीच्या सुट्टीत सान्वीने सहज विचारलं होतं, मम्मा, देव उत्तर देतो म्हणजे कसं कळतं? आणि योगिनीने चपाती लाटता लाटता, एका क्षणाचाही विचार न करता, तो दुधाचा पेला बनवून दिला होता. तिला ते जमायचं. रविवारी हॉलमध्ये लोक एकेक उठून आपली साक्ष सांगत, तेव्हा तिची साक्ष सगळ्यांना आवडायची. मला ठाऊक आहे की तो ऐकतो, असं ती म्हणायची आणि पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसायच्या. तीही पुसायची. शेवटी शेवटी तर आपण खरंच रडतोय की रडण्याची वेळ झाली म्हणून रडतोय, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

कधीकाळी ते खरं होतं, हीच तर पंचाईत. वीस वर्षांची असताना ती मैत्रिणीच्या खोलीत गुडघ्यावर बसली होती, शब्द शोधत, कारण इथे पाठ केलेलं काही म्हणायचं नसतं, आपल्याच शब्दांत बोलायचं असतं. आणि छातीत काहीतरी सैल झालं होतं, उबदार झालं होतं. ते तिने कल्पनेने रचलेलं नव्हतं. मग लग्न झालं, सान्वी झाली आणि केव्हातरी ते संपलं. सिलिंडर संपतो तसं. आदल्या दिवशीपर्यंत जेवण होत असतं आणि एका सकाळी शेगडी पेटतच नाही. काही वाईट घडलं नव्हतं. घडलं असतं तर बरं झालं असतं, निदान कारण तरी सांगता आलं असतं. आता ती डोळे मिटायची तेव्हा फोन कट झाल्यावरही बोलत राहिल्यासारखं वाटायचं. सुरुवातीला तिने यात स्वतःची चूक शोधली. जास्त उपास केले. आईशी भांडले म्हणून असेल, शेजारणीबद्दल वाकडं बोलले म्हणून असेल. पोरगी आज रबर परत देत होती. आईने तेच वर्षभर केलं होतं.

आणि गॅविनला तिने सांगितलं नाही. गॅविनने सिगरेट सोडली ती याच प्रार्थनेच्या जोरावर. चर्चमध्ये चालत नाही म्हणून चहाही सोडला, त्यावरून वर्कशॉपमधली पोरं अजून त्याची टर उडवत. भांडण झालं की तो आधी गुडघ्यावर बसायचा आणि उठून मगच बोलायचा, आणि तेव्हा तो खरोखर शांत झालेला असायचा. घराचा हा खांब त्याने स्वतःच्या हाताने उभा केलेला. त्याला कसं सांगायचं की मी नुसती टेकून उभी आहे?

डोंबिवलीच्या घरी बरं होतं, असं तिला हल्ली वाटे. तिची आई तिन्हीसांजेला दिवा लावायची, भराभर श्लोक म्हणायची, मध्येच "कुकर बंद कर गं" असं ओरडायची आणि पुढचा श्लोक धरायची. लहानपणी योगिनीने तिला विचारलं होतं, हे म्हणताना तुला काय वाटतं? आई म्हणाली होती, "वाटायचं काय त्यात? संध्याकाळ झाली."

घरी आल्यावर तिने वरणभात कालवला, वर तूप घातलं. सान्वी पहिले चार घास न चावताच गिळून गेली. तिचं खाणं बघताना योगिनीला स्वतःची इतकी लाज वाटली की ती उठून उगाच ओटा पुसायला लागली. मग फडकं टाकून परत येऊन बसली.

"सान्वी, मलाही नाही येत."

"काय?"

"ऊब. आधी यायची. मोठी ताई होते तेव्हा. आता नाही येत. बऱ्याच दिवसांत आलेली नाही."

सान्वीचा घास हातातच राहिला. "मग तू पेल्याचं का सांगितलंस?"

"खोटं सांगितलं. मला वाटलं, तुला छान वाटेल."

"मला नाही छान वाटलं."

"कळलं मला. चुकले मी." हे म्हणायला तिला वाटलं होतं त्यापेक्षा कमी वेळ लागला. "तू काहीही वाईट केलेलं नाहीस. ऊब आली नाही म्हणून कोणी वाईट होत नाही. आणि परत जेवण सोडायचं नाही. कानाला हात लाव."

सान्वीने भाताचा हात कानाला लावला. शीत कानालाच चिकटलं. मग ती बोलली तेव्हा तिच्या आवाजात तीन दिवसांत नव्हतं ते काहीतरी होतं.

"मग तू डोळे मिटून काय करतेस?"

"ऐकते. डॅडा काय म्हणतो ते. तू काय म्हणतेस ते."

"डॅडाला माहितीये?"

इथे खरं तर योगिनीला नाही म्हणून थांबता आलं असतं. पण खाई त्याला खवखवे. "नाही," ती म्हणाली, आणि घाईने पुढे म्हणाली, "डॅडाला सांगू नकोस हं तू. मी सांगेन."

"कधी?"

"सांगेन गं. वरण घे अजून."

एका खोट्यातून पोरीला बाहेर काढून तिला दुसऱ्यात बसवलं, हे तिला वरण वाढतानाच कळलं होतं. तरी तिने वाढलं.

गॅविन सहा वाजता आला. हातपाय धुताना त्याने चक्कर आल्याचं ऐकलं आणि ओल्या हातानेच सान्वीचं कपाळ बघितलं.

"जेवली नव्हती? का?"

"शाळेत डबा खाल्ला नाही तिने," योगिनी म्हणाली. यातलं काहीच खोटं नव्हतं.

"अरे, असं नाही करायचं बच्चा. शनिवारी पाण्यात उतरायचंय ना तुला? ताकद नको?" त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "चला, आधी प्रार्थना करूया. आज सान्वी म्हणेल."

त्यांच्याकडे कोणी म्हणायचं हे रोज गॅविन ठरवी. तिघं दिवाणाशी गुडघ्यावर बसली, हात छातीशी बांधले, डोळे मिटले. खालच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा कालवा वर येत होता. योगिनीने सवयीने मान खाली घातली.

"हे स्वर्गीय पित्या," सान्वीने सुरुवात केली, "आजच्या दिवसाबद्दल तुझे आभार. टीचरने ग्लुकोजचं पाणी दिलं त्याबद्दल आभार. वरणभाताबद्दल आभार." तिने श्वास घेतला. "आणि मम्मालाही ऊब येत नाही, त्याबद्दल तर खूपच आभार. मला वाटलं होतं मी एकटीच आहे. आता मी उपास नाही करणार. मम्मा पेल्याचं खोटं बोलली होती, पण ती सॉरी म्हणाली, तर तू तिला रागवू नको. डॅडाला अजून माहीत नाही, मम्मा त्याला सांगणार आहे. येशू ख्रिस्ताच्या नावाने, आमेन."

यानंतर सगळ्यांनी आमेन म्हणायचं असतं. कोणी म्हटलं नाही. खाली कोणीतरी आउट झालं आणि त्यावरून भांडण सुरू झालं. सान्वीने एक डोळा उघडून आधी बापाकडे आणि मग आईकडे पाहिलं, आणि आईचा चेहरा बघून ती घाबरली.

"मी डॅडाला नाही सांगितलं, मम्मा," ती कुजबुजली. "मी देवाला सांगितलं."

योगिनीला गॅविनकडे बघायचं धाडस झालं नाही. तिला फक्त त्याचे बांधलेले हात दिसत होते, ग्रीसने काळ्या झालेल्या नखांचे, आणि ते हलत नव्हते.

"आमेन," गॅविन म्हणाला.

तो उठेल, दार उघडून खाली जाईल, कदाचित टपरीवर जाऊन सिगरेट मागेल, हे सगळं योगिनीने मनात पाहून घेतलं. तो उठला नाही.

"योगिनी," त्याचा आवाज घोगरा झाला होता. "आता तू म्हण."

"दोन प्रार्थना नसतात, डॅडा," सान्वी म्हणाली.

"आज आहेत."

योगिनीने हात बांधले, डोळे मिटले. साक्षीच्या रविवारी जे शब्द रांगेने येत, त्यातला एकही आला नाही. छातीत ऊब नव्हती, होती ती फक्त धडधड. तिने घसा साफ केला.

"गॅविन," ती म्हणाली.

"मम्मा," सान्वीने तिला कोपराने हळूच ढोसलं, "आधी स्वर्गीय पित्या म्हणायचं असतं."

"राहू दे, बच्चा," गॅविन म्हणाला. त्याचे डोळे अजून मिटलेलेच होते. "म्हणू दे तिला."