वरच्या फळीतली वाळवी

सुताराने फटीत पटाशी घातली, हातोडीचा एक ठोका दिला आणि भिंतीतल्या कपाटाची वरची फळी कुरकुरत सुटून त्याच्या हातात आली. त्याने ती उलटी केली, उजेडाकडे धरली, नखाने खरवडून पाहिली.

"साहेब, ही तर ठणठणीत आहे."

"मागची काढा," तपासनीस म्हणाला.

मागची निघाली. मग बाजूची निघाली. ती निघताना उभी चिरली, कारण कुणीतरी तिला गरजेच्या दुप्पट खिळे मारले होते. जमिनीवर फळ्यांचा ढीग झाला आणि भिंतीत चौकोनी खळगा उघडा पडला. त्यात धूळ होती आणि कधीतरी घरंगळत गेलेलं एक बटण होतं. वाळवीच्या मातीच्या नळ्या नव्हत्या, भुसा नव्हता, गळलेले पंख नव्हते.

"कुठं गेली हो तुमची मंडळी?" सुतार हसला. "दुपारचं फिरायला बाहेर पडली वाटतं."

दारात घराच्या मालकीणबाई उभ्या होत्या. त्या शिवणकाम करायच्या. ओठांत धरलेल्या टाचण्या काढून त्यांनी बाहीला टोचल्या आणि विचारलं, "निघालं काही?"

तपासनीस खाली वाकला. त्याने पिशवीतून यंत्र काढलं. जाडजूड पुस्तकाएवढं ते यंत्र लाकडाला टेकवलं, की आतली बारीकशी हालचालही हेरायचं आणि पडद्यावर लाल रेघा नाचवायचं. हात उंच करून त्याने ते खळग्यावरच्या चौकटीला टेकवलं. रेघा नाचू लागल्या.

"बघा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "आहे की नाही? चौकटीत असणार."

"मग चौकटही काढू या. जरा ही फळी धरा, पडेल नाहीतर."

फळी धरायला दोन्ही हात लागणार होते. तपासनिसाने यंत्र खळग्याच्या कडेवर, चौकटीला टेकूनच ठेवलं आणि फळी धरली. सहज पडद्याकडे पाहिलं. रेघा नव्हत्या. एक हिरवी सरळ रेघ, शांत.

फळी खाली ठेवून त्याने यंत्र पुन्हा हातात घेतलं, त्याच जागी टेकवलं. रेघा नाचल्या. कडेवर ठेवलं, थांबल्या. हातात घेतलं, नाचल्या.

सुतार पटाशी घेऊन उभाच होता. तोही बघत होता, पण पडद्याकडे नाही, तपासनिसाच्या मनगटाकडे. मग तो एकदम खाली बसला आणि इकडेतिकडे पडलेले खिळे गोळा करू लागला. एवढं मन लावून कुणी वाकडे खिळे गोळा करत नाही.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"निघून गेली असेल," तपासनीस म्हणाला. "जागा बदलते ती. ठोकाठोकी झाली की पळते."

"म्हणजे घरातच आहे अजून?"

"तसं... आत्ता सांगता येणार नाही."

बाई आत आल्या. चिरलेली फळी त्यांनी उचलली, दोन्ही तुकडे एकमेकांना जोडून पाहिले. "ह्यांनी केलं होतं हे कपाट. आयुष्यात एकच वस्तू केली, तीही वाकडी. दार कधी लागलंच नाही. मी रोज टोमणे मारायचे, तुमच्या कपाटात उंदराला दार ठोठावायची गरज नाही म्हणून."

"खिळे मात्र मनापासून मारलेत," सुतार खालूनच म्हणाला.

बाई हसल्या. हसणं संपेपर्यंत ठीक होतं, पण नंतर त्यांना ते तुकडे कुठे ठेवावेत ते कळेना. शेवटी त्यांनी ते शिलाई मशीनवर ठेवले.

तपासनीस पिशवी उचलून निघाला. कपाट वाकडंच तर होतं, असं त्याच्या मनात आलं. दारापर्यंत पोचायच्या आत त्या विचाराची त्याला इतकी लाज वाटली, की बाईंचा निरोप घ्यायचाही राहून गेला.

घरं विकत घेण्याआधी ती तपासायला माणसं ज्यांना बोलावतात, त्यांच्या धंद्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. लोक त्याला टकटक म्हणत. पेचकसाची मूठ चौकटीवर, फळीवर, जिन्याच्या पायरीवर टकटक वाजवत तो घरभर फिरायचा आणि पोकळ आवाज आला की थांबायचा. तपासनिसांच्या बैठकीत नव्या यंत्रांचा विषय निघाला, की हाच उठून बोलायचा. एका तरुण तपासनीस मुलीने उष्णता दाखवणारा कॅमेरा, ओल मोजणारं मीटर आणि हे हालचाल हेरणारं यंत्र टेबलावर मांडून दाखवलं, तेव्हा तो म्हणाला होता, "ताई, एवढ्या सामानात एक पाळणा हलवायचं यंत्रही ठेवा. वाळवीला झोपवून मग पकडता येईल." सगळे हसले होते. मुलगीही हसली होती, पण तिचे कान लाल झाले होते.

आणि मग त्यानेच ते यंत्र घेतलं. बैठकीत त्याचा मोठा बोलबाला झाला. टकटक सुधारला, म्हणाले. गिऱ्हाइकांनाच हल्ली पडद्यावर काहीतरी बघायचं असतं, असं त्याने सांगितलं. ते खोटंही नव्हतं. पण खरं कारण वेगळंच होतं. टकटक एकसारखी पडली, तरच आवाजातला फरक कळतो. त्याचे ठोके एकसारखे पडेनासे झाले होते. एक जोरात, एक हलका, मध्येच दोन. सगळंच लाकूड त्याला पोकळ वाटू लागलं होतं. यंत्राला हाताची गरज नाही, असं तो समजला होता.

यंत्र स्टँडवर लावून वापरायचं, असं विकणाऱ्याने दोनदा सांगितलं होतं. स्टँड अवजड होता, तो गाडीतच राहायचा. स्टँड न्यायचा म्हणजे आपला हात स्थिर नाही हे कबूल करायचं, असं काहीसं त्याच्या मनात असावं. इतकं स्पष्ट मात्र त्याने स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी तो घरी आला आणि बूट घालूनच खुर्चीत बसला.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही, तर बूट का पायात?"

बायको चहा घेऊन आली. त्याने कपाकडे पाहिलं. कप अर्धाच होता. मग त्याने उजवा हात डोक्यावर, माळ्यावरचा डबा काढताना करतात तसा लांब केला. "बघ."

बोटं थरथरत होती. फार नाही. संथ पाण्यावर वारा यावा तेवढी.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तुम्हाला अर्धा कप चहा देते तेव्हापासून."

"मला वाटलं काटकसर."

"काटकसर कसली? दोनदा देते की."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीनं लपवत होतात. म्हटलं, मी बघितलं असं कळलं तर आणखी मेहनत कराल." ती समोर बसली. "डॉक्टरकडे जाऊ या."

"जाऊ." त्याने हात खाली घेतला. मांडीवर टेकला की तो हलत नव्हता, मुकाट बसायचा, गुन्हा केलेल्या मुलासारखा. "गुडघ्यावर कोपर टेकवून खालची चौकट तपासली, की यंत्र गप्प असतं. हात उंच केला की बोलतं. अगं, वाळवी जमिनीतून चढते. आधी खाली सापडते, मग वर. आणि मला गेले काही महिने ती वरच सापडतेय. माळ्याला, दाराच्या वरच्या पट्टीला, कपाटाच्या वरच्या फळीला. खाली काही नाही, वर मात्र आहे. शिकाऊ माणसालाही खटकलं असतं. मला नाही खटकलं."

"किती घरं?"

"असतील."

बायकोने विचारलं, "डोळ्यांनी बघितलं होतं ना तुम्ही? नळ्या, पंख?"

"बघितलं. काही नव्हतं. तरी यंत्र म्हणालं म्हणून लिहून दिलं." त्याने कप जवळ ओढला. "यंत्र खोटं बोललं नाही. हालचाल होती. मला वाटलं, पलीकडे आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाईंकडे गेला, तेव्हा त्या कापडावर खडूने रेघा आखत होत्या. खळग्यावर त्यांनी जुनी चादर टांगली होती. हे घर विकून त्या धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. सामान अर्धं बांधून झालं होतं. घर घेणाऱ्या जोडप्याने, कपाट फोडण्याआधीच दिलेला त्याचा अहवाल वाचून निरोप दिला होता, की वाळवीचं नीट कळलं नाही तर आम्ही दुसरं घर बघतो.

"तुमच्या घरात वाळवी नाही," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

बाईंनी मान वर केली नाही. "काल म्हणालात पळाली. आज म्हणता नाही. उद्या म्हणाल लग्नाला गेली होती."

"नव्हतीच. माझा हात थरथरतो. यंत्राने तोच पकडला. काल इथे मला ते कळलं आणि मी खोटं बोललो."

खडू थांबला. त्यांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. तो हात त्याने खिशात घातला, आणि मग, तसं करणं बरोबर नाही असं वाटून बाहेर काढला.

"म्हणजे ह्यांचं कपाट तुमच्या हातासाठी फोडलं?"

"हो."

"आणि काल मी विचारलं, घरात आहे का, तेव्हा तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून..."

"हो."

"रात्रभर मी भिंतीला कान लावून बसले होते, माहीत आहे? ह्या वयात! वाटलं, ती सगळीकडे हिंडतेय." त्यांचा आवाज चढला. "कपाट वाकडं होतं, त्याचं एवढं नाही. पण मला भ्यायला लावलंत माझ्याच घरात."

त्याने खिशातून फोन काढला. "तुमच्यासमोर घर घेणाऱ्यांना फोन करतो. तुम्ही ऐका."

घर घेणाऱ्या माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता तुम्ही नाही म्हणता, त्यावर तरी विश्वास कसा ठेवायचा?"

"ठेवू नका," तपासनीस म्हणाला. "दुसऱ्या कुणाला बोलवा. मी एक नाव सांगतो. माझे आधीचे अहवालही मी त्यांच्याकडेच देतोय, सगळी घरं पुन्हा बघायला." आणि त्याने बैठकीतल्या त्या तरुण मुलीचं नाव सांगितलं.

मुलगी दुपारी आली. बरोबर कॅमेरा, मीटर आणि स्टँड. तिला त्याने फोनवर सगळं सांगितलं होतं. पाळण्याची थट्टा तिने काढली नाही. काढली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने आधी टॉर्च घेऊन कानाकोपरे पाहिले, लाकूड ओलं नाही ना ते मोजलं, मग स्टँडचे पाय पक्के करून यंत्र चौकटीला टेकवलं आणि स्वतः मागे सरली.

"बाई, शिलाई मशीन जरा बंद ठेवाल? आणि सगळ्यांनी हलू नका हं." पडद्यावर नजर ठेवूनच ती म्हणाली, "काका, तुम्ही थोडं मागं होता?"

तो मागे झाला.

"अजून थोडं. ही फरशी दबते हो, पावलांनीसुद्धा हलते. बाहेरच थांबता का?"

"थांबतो की," तो म्हणाला आणि बाहेर आला. दार त्याने आवाज न करता ओढून घेतलं.

शेजारची बाई कुंड्यांना पाणी घालत होती. "आत काय चाललंय?"

"तपासणी."

"मग तुम्ही बाहेर? तुम्ही कोण?"

"मी आधीचा," तो म्हणाला.

तिला काही उमगलं नाही. ती पुन्हा पाणी घालू लागली. ऊन बरंच होतं, पाय दुखत होते. टेकायला तो भिंतीजवळ गेला. मग त्याच्या लक्षात आलं, की हीच भिंत आत त्या खळग्यापर्यंत जाते. तो दोन पावलं मागे सरला, एका हाताने दुसरा हात धरला, आणि उन्हात तसाच न हलता उभा राहिला.