तळ्याची पलीकडची बाजू

तिने फाटकाची कडी दोन्ही हातांनी ओढली, पण गंजलेली कडी जागची हलेना. पळून आल्यामुळे धाप अजून बसली नव्हती. कपाळावरचा घाम मनगटाने पुसून तिने आणखी एक हिसका दिला, तेव्हा आतून आवाज आला.

"मोडाल ती. फाटक ढकला. ओढून आजवर कुणाला उघडलेलं नाही."

झुडपांमागून एक म्हातारा हातात कोयता घेऊन पुढे आला. अंगात बाह्या दुमडलेला जाड सदरा, पायांत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. त्याने तिच्या चिखलाने माखलेल्या बुटांकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या मोकळ्या रस्त्याकडे.

"कुणाच्या तावडीतून सुटून आलात?"

"कुणाच्या नाही. नगरपालिकेतून आलेय. नकाशे काढते मी."

"नकाशे बसून काढतात असं ऐकलं होतं."

ती हसली नाही. हसायला दम उरला नव्हता. तिने काम काय ते सांगितलं. तळ्याभोवती पळायला येणाऱ्यांसाठी धक्क्याजवळ एक मोठा फलक लागणार होता. त्यावर पळण्याचे सगळे रस्ते निरनिराळ्या रंगांत दाखवायचे होते. कचेरीत पळणारी ती एकटीच, म्हणून साहेबांनी हे काम तिच्या गळ्यात मारलं होतं. बांधावरचा रस्ता, शेतांमधून जाणारी पायवाट, जुन्या पाणचक्कीपर्यंतची चढण, सगळं तिने स्वतः पळून पाहिलं होतं. उरली होती ती ही तळ्याची पलीकडची बाजू आणि तिच्यावरची ही हवेली. हवेलीचे मालक परदेशात होते. राखणदाराची हरकत नसेल तर आमचीही नाही, असं त्यांनी कळवलं होतं.

"म्हणजे आता मी ठरवायचं?" म्हातारा म्हणाला. "बारा वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी विचारलंय त्यांनी मला." त्याने फाटक ढकललं. "पळा. इथे कुत्रं नाही न् बंदूक नाही. मी आहे तेवढा, पण मी चावत नाही."

आतला रस्ता दुतर्फा उंच झाडांमधून जात होता. वर फांद्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की उजेड खाली येईपर्यंत हिरवा व्हायचा. पुढे दगडी भिंतीने वेढलेली बाग होती, तिच्यात फुलांपेक्षा गवतच जास्त. मग हवेली. खिडक्यांची सगळी दारं लावलेली, पायऱ्यांवर शेवाळ, आणि दर्शनी भिंतीवर एक थांबलेलं घड्याळ. हवेलीला वळसा घातला की रस्ता उतरत उतरत थेट पाण्याशी यायचा आणि तिथून तळ्याच्या काठाकाठाने, नावा ठेवायच्या मोडक्या छपराजवळून, पुन्हा फाटकाकडे वळायचा. पाण्यापलीकडे गाव दिसत होतं, पण त्याचा आवाज इथे येत नव्हता.

ती परत आली तेव्हा म्हातारा पायरीवर बसून कोयत्याला धार लावत होता.

"मग? पसंत पडला?"

"फार छान आहे."

"हं. आता लोक येतील. गवत तुडवतील, कागद टाकतील, दिसेल ते फूल तोडतील." कोयता त्याने उजेडात धरून पाहिला आणि मान वर न करता विचारलं, "येतील ना पण खरंच?"

"फलक लागला की येतील," ती म्हणाली आणि बुटाची नाडी बांधायला खाली वाकली.

घरी आल्यावर नेहमीसारखं तिने दार उघडल्याबरोबर आधी रेडिओ लावला. आई गेल्यापासून घर खायला उठायचं. शेवटची काही वर्षं आईच्या खोकल्यावर तिचा दिवस चालायचा. खोकला ऐकू आला तर पाणी, नाही ऐकू आला तर धावत जाऊन बघायचं. आता कान उगाच जागे असायचे, नसलेला खोकला ऐकायचे. पळायला तिने त्यातूनच सुरुवात केली होती. छातीत श्वास मावेनासा झाला की कानांना दुसरं काही ऐकू येत नाही, हा शोध तिला एका सकाळी बस पकडताना लागला होता.

दूरच्या शहरात राहणारी ताई फोनवर म्हणायची, "अगं, जरा माणसांत जात जा."

"पळायला जाते की."

"जातेस गं. पण माणसांपासून लांब."

त्या संध्याकाळी तिच्या लक्षात आलं की हवेलीच्या रस्त्यावर धाप बसल्यावरही तिला एकदाही खोकला ऐकू आला नव्हता.

नकाशा पुरा करायची वेळ आली तेव्हा साहेब तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "ती पलीकडची हवेली? तिथून काही नाही?"

पडद्यावर सगळे रस्ते उमटले होते, लाल, निळे, केशरी. तिचा हात माऊसवर होता.

"राखणदारांची मर्जी दिसत नाही," ती म्हणाली. "गवत तुडवतील म्हणतात."

"मग सोडा. उगाच कशाला कुणाचं मन दुखवायचं."

साहेब गेल्यावर तिने एका टिचकीसरशी पलीकडची बाजू हिरवी करून टाकली. ना रस्ता, ना हवेली. नुसती झाडी असल्यासारखी. खोटं तर नव्हतं, म्हातारा म्हणालाच होता तसं. घरी जाताना तिने हे स्वतःला तीनदा तरी सांगितलं असेल.

फलक लागला. धक्क्यावर गर्दी व्हायला लागली. रंगीत बनियनांतली तरुण मंडळी, पोट कमी करायला निघालेले गृहस्थ, नवऱ्याला ओढत आणणाऱ्या बायका, सगळे फलकावर बोट ठेवून आपापला रस्ता निवडायचे. ती त्यांच्या बाजूने खाली मान घालून निघायची आणि पुलावरून पलीकडे वळायची. दर रविवारी तिकडे ती आणि पाणी, दोघंच. कधीतरी लांबवर म्हाताऱ्याचे रबरी बूट दिसायचे. तो हात वर करायचा, तीही करायची. थांबायची मात्र नाही.

फलक लागायच्या आधीपासूनच रस्ता हळूहळू बदलत होता. वाटेत आडवं पडलेलं खोड एका रविवारी कापून बाजूला लावलेलं दिसलं. पाण्याजवळच्या चिखलावर फळ्या आल्या. काटेरी फांद्या छाटल्या गेल्या. वळणावळणावरच्या दगडांवर पांढऱ्या रंगाचे बाण उमटले. म्हाताऱ्याला वेळ जात नसेल, असं ती मनाशी म्हणाली आणि पुढे पळाली.

मग एका रविवारी रात्रीच्या वादळानंतर ती गेली, तर सगळीकडे पानांचा खच होता आणि म्हातारा छपराजवळ गुडघ्यांवर बसून दगडावरचा धुऊन गेलेला बाण पुन्हा रंगवत होता. एका हाताने जमीन धरून तो दुसरा हात लांबवत होता.

ती थांबली. रस्ता तिला पाठ होता, डोळे मिटून पळाली असती. मग हे बाण कुणाला?

"काका," ती म्हणाली. "मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. तो फलक लागला. कधीच लागला."

"हो ना. पाहिला की मी."

"कधी?"

"लागला त्याच आठवड्यात. औषधं आणायला गावात गेलो होतो." त्याने ब्रश डब्याच्या काठावर निथळला. "चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मला वाटलं, आपणच चुकीच्या बाजूने बघतोय. पण नाही. आपल्याकडचं सगळं नुसतं हिरवं."

"तुम्ही म्हणाला होतात, लोक गवत तुडवतील."

"अहो, पाहुणे येणार म्हटलं की घरातला म्हातारा कुरकुरणारच! म्हणून कुणी पाहुण्यांना दारातून परत पाठवतं का?"

तो हसत होता, पण तिच्याकडे बघत नव्हता. वाऱ्याने तळ्यावर बारीक बारीक घड्या उमटत होत्या.

"मग हे बाण?" तिने विचारलं. "माहीत होतं, तरी रंगवत राहिलात?"

"मध्येच थांबलो असतो, तर मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं." त्याने झाकण डब्यावर ठेवून मुठीने दाबलं. "तुम्ही ओशाळला असतात. मग यायच्या थांबला असतात. एक माणूस येतंय, तेही कशाला घालवायचं?"

ती त्याच्या शेजारच्या दगडावर बसली. इतक्या रविवारांत ती इथे पहिल्यांदाच बसत होती. घाम गार पडत चालला होता.

"ते गवताचं निमित्त होतं," ती म्हणाली. "मला ही बाजू एकटीला हवी होती."

म्हातारा नखात अडकलेला पांढरा रंग काडीने काढत होता.

"वाटतं तसं," तो म्हणाला. "मलाही पहिल्या वर्षी तसंच वाटलं होतं."

"मग?"

"मग दुसरं वर्ष लागलं."

त्याला उठायला तिने हात दिला. रंगाचा डबा तिने घेतला, आणि फाटकापर्यंतचे उरलेले बाण दोघांनी मिळून रंगवले. म्हणजे तो दाखवत होता आणि ती वाकत होती. त्या दिवशी ती पळाली नाही.

सोमवारी तिने साहेबांना फलक बदलायचं विचारलं. साहेब "बघू" म्हणाले. सरकारी 'बघू' किती पावलं चालतो, हे तिला ठाऊक होतं. जेवणाच्या सुट्टीत ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. समोर जमीन मोजणी विभागातल्या एक बाई बसायच्या, चष्म्याची दोरी गळ्यात घातलेल्या. इतकी वर्षं समोरासमोर बसून दोघींचं बोलणं पंखा कमी करू की जास्त, याच्या पलीकडे गेलं नव्हतं.

"रविवारी सकाळी काय करता तुम्ही?" तिने विचारलं.

मोजणीबाईंचा घास हातातच राहिला. "मी? झोपते. का हो?"

"तळ्याच्या पलीकडे एक रस्ता आहे. पळायला छान आहे."

"पळायला!" मोजणीबाई म्हणाल्या. "माझ्यामागे कुत्रं लागलं तर मी त्याला बसवून चार शब्द सांगेन, पण पळणार नाही."

ती हसली. स्वतःचं हसू इतकं मोठं ऐकून तिलाच दचकायला झालं. "मग चालत जाऊ. मला घाई नसते."

मोजणीबाईंनी घास पुन्हा डब्यात ठेवला. डब्याचं झाकण लावलं, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उघडलं.

"झोपते म्हटलं मघाशी," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "पण उजाडायच्या आधीच जाग येते मला. मग नुसती छताकडे बघत पडून असते." त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. "कुठे भेटायचं?"