कच्च्या फाइलमधली दुपार

रामदास गजभिये यांचा स्वभाव असा, की टाकायची वस्तूही आधी उघडून, उजेडात धरून बघायची. गोळ्यांचं रिकामं पाकीटसुद्धा चाचपल्याशिवाय ते केरात टाकत नसत. त्यांची बायको विमल यावरून त्यांची मनसोक्त चेष्टा करायची. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. चेष्टा करणारं घरात कुणी उरलं नव्हतं आणि सवय मात्र तशीच होती.

हडपसरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सकाळी दुरुस्तीवाला राकेश येऊन गेला होता. जुन्या कॉम्प्युटरला कान लावून त्याने आतली खरखर ऐकली आणि मान हलवली.

"काका, डिस्क जायला आलीय. हवं ते आजच्या आज उतरवून घ्या. जास्त उघडझाप करू नका आणि मध्येच बंद तर मुळीच करू नका, परत चालू होईल याची गॅरंटी नाही. मी संध्याकाळी येतो मशीन न्यायला."

तेव्हापासून रामदास पेनड्राइव्ह लावून बसले होते. दुपार कलंडत होती, रस्ता पेंगुळला होता, पडद्यातून येणारं ऊन फरशीवरून हळूहळू सरकत होतं. समोर हिरवी पट्टी भरत होती आणि तिच्याखाली फायलींची नावं एकामागून एक येऊन विरून जात होती. उत्कर्षाचं गॅदरिंग. गावचा विहार. विमलच्या बहिणीची सून. इतकी वर्षं जगलेलं सगळं बोटाच्या पेराएवढ्या वस्तूत निमूट शिरत होतं, याचं त्यांना नवल वाटत होतं आणि थोडा रागही येत होता. त्यांचे डोळे जड झाले.

पट्टी थांबली. जागा पुरत नाही, असं पडद्यावर आलं. एकच मोठी फाइल उरली होती. तिचं नाव 'कच्चं'.

त्यांनी बंगळूरला मुलीला फोन लावला. उत्कर्षा घाईत होती.

"बाबा, ती सोडा हो. आजोबांच्या गाण्यांची आहे ना? त्यातली गाणी मी कापून वेगळी ठेवलीत, ती आलीत तुमच्या पेनड्राइव्हमध्ये. उरलाय तो नुसता फॅनचा आवाज आणि तुमचं घोरणं. आपल्या घोरण्याचा बॅकअप घेणारे तुम्ही पुण्यातले पहिलेच!"

तिचंही खरंच होतं. रामदासांचे वडील गावी जयंतीला भीमगीतं म्हणत. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती. चार उन्हाळ्यांपूर्वी रामदासांनी ती कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरवलं. जोडायची वायर नव्हती, म्हणून टेपरेकॉर्डर सरळ माइकसमोर ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकत बसले. ऐकता ऐकता झोप लागली. कॅसेट संपली, कॉम्प्युटर मात्र संध्याकाळपर्यंत इमानेइतबारे ऐकत राहिला. त्यावरून घरात मायलेकी हसून हसून बेजार झाल्या होत्या.

सोडायची तर सोडू, रामदास मनाशी म्हणाले, पण न बघता कशी सोडायची? त्यांनी फाइल उघडली आणि गाणी ओलांडून पुढे गेले.

आधी पंख्याची घरघर. मग एक दणदणीत घोरणं. ते ओशाळून इकडेतिकडे बघू लागले, जणू कुणी ऐकत असावं. मग दूरवर भांडं वाजलं. पावलं आली. खिडकीची कडी पडली. आणि अगदी जवळून, हलक्या आवाजात:

"आता हे मशीन चालू ठेवूनच झोपले. मले कुठं येते बंद कराले?"

रामदास हलले नाहीत. श्वाससुद्धा त्यांनी जपून घेतला. विमल भंडाऱ्याकडची. पुण्यातल्या कचेरीने रामदासांची भाषा घासूनपुसून घेतली होती, विमलची मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. आता ती पंखा कमी करत होती. खिडकीतल्या पारव्याला दटावत होती. सुपात काहीतरी पाखडत होती आणि पाखडता पाखडता सासऱ्याचंच एक गाणं गुणगुणत होती, चुकीच्या चालीत. फोटोत ती नेहमी ताठ उभी असायची, श्वास रोखून. इथे ती घरात वावरत होती.

बाहेर भाजीवाला ओरडला. रामदासांनी गॅलरीत जाऊन पाहिलं, तर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ते परत येऊन बसले. कुकरची शिट्टी झाली. ते उठले, स्वयंपाकघरात गेले आणि गॅस बारीक करायला हात पुढे केला. शेगडी थंडगार होती. कुकर सकाळी घासून पालथा घातलेला होता. तरी भाताचा वास आल्यासारखं वाटलं आणि ते तिथेच ओट्याला धरून उभे राहिले, त्या दुपारीत की या दुपारीत, नेमकं कुठे आहोत हे न कळून. कळायची त्यांना घाईही नव्हती.

बाहेरच्या खोलीतून आवाज आला. "झोपले का जी?"

ते जवळजवळ धावत आले. त्याच वेळी कॉम्प्युटरच्या पोटात खट्‌ खट्‌ झालं. राकेशचे शब्द त्यांना आठवले. त्यांनी घाईघाईने फाइल बंद केली. पुढे ती काय म्हणाली ते तसंच राहिलं.

आता जागा हवी होती. नवा पेनड्राइव्ह आणायला खाली उतरावं, तर येईपर्यंत हे यंत्र दम धरेल याचा भरवसा नव्हता. पेनड्राइव्हमध्ये सगळ्यात जागा अडवून बसला होता तो त्यांच्या निवृत्तीच्या सत्काराचा व्हिडिओ. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. आल्यागेल्याला त्यांनी तो कौतुकाने दाखवला होता. "पाहुण्याले जेवू तं द्या जी," विमल म्हणायची. ती त्या दिवशी पुढच्याच रांगेत बसली होती, पण कॅमेरा व्यासपीठावरून हलला नव्हता. अख्ख्या व्हिडिओत ती कुठेही नव्हती.

त्यांनी सत्कार पुसला. बोट जराही अडखळलं नाही, याचं त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

पट्टी पुन्हा भरू लागली. अर्ध्यावर गेली. खरखर वाढली. शेवटाशी येऊन पट्टी थबकली, तेव्हा रामदासांनी त्या तापलेल्या डब्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. "थोडंसंच राहिलंय, बाबा," ते म्हणाले. पट्टी भरली. त्यांनी पेनड्राइव्ह काढून मुठीत घट्ट धरला. थोड्याच वेळात पडदा निळा झाला, मग काळा.

संध्याकाळी राकेश मशीन उचलायला आला.

"सगळं घेतलंत ना काका? काही राहिलं?"

"माझा सत्कार राहिला," रामदास म्हणाले. "राहू दे. फार लांबला होता."

दार लावून त्यांनी पेनड्राइव्ह टीव्हीला लावला. आरामखुर्ची त्या दिवशी होती तिथे ओढली, पंखा कमी केला. पारवा, सूप, चुकीची चाल, शिट्टी, सगळं ठरल्यासारखं येत गेलं. या वेळी ते उठले नाहीत. डोळे मिटले, पण झोप येऊ दिली नाही. पावलं जवळ आली.

"झोपले का जी?"

टीव्हीतल्या रामदासांनी घोरायला सुरुवात करण्याआधीच खुर्चीतले रामदास घाईने बोलले, कचेरीची सगळी भाषा विसरून.

"नाही वं. जागाच आहो. बोल."