जॅकचा खडखडाट

पूनमसिंगच्या पिकअपमध्ये सीटमागे जॅक ठेवायची एक लोखंडी खाच होती. जॅक मिटवून खाचेत ठेवायचा आणि त्याचा स्क्रू हातानं पुन्हा थोडा उघडायचा, की तो वरखाली टेकून गच्च बसतो. चार फिरक्यांचं काम. पण पूनमसिंगला त्या चार फिरक्यांचा भारी कंटाळा. जॅक सीटमागे भिरकावून तो मोकळा व्हायचा, आणि मग रस्ताभर खडखडाट. त्याची आई भुरीबाई शेजारी बसली की चिडवायची, "तुह्या गाडीचे दात वाजून राह्यले रे. कवळी बसव तिले." तो हसायचा आणि गाण्याचा आवाज वाढवायचा.

त्या दुपारी गाणं लावलेलं नव्हतं. घरात आढ्यापर्यंत कापूस भरलेला, त्याच्या धुळीनं भुरीबाईचा दमा उसळला होता. केबिनमध्ये तिचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून मागे गादी टाकून तिला केबिनच्या पत्र्याला टेकवून बसवलं. सोबत सून संगीता. यवतमाळचा दवाखाना गाठायचा होता.

तांड्याच्या गिट्टीच्या रस्त्यावरच टायर बसला. पूनमसिंगनं आईला उचलून पळसाखाली बसवलं. संगीतानं पिशवीतून दम्याचा पंप काढून तिच्या तोंडात दाबला, तेव्हा म्हातारीला जरा उतार पडला.

"घाबरू नको याडी, आत्ता निघतो," पूनमसिंग आईला म्हणाला.

पंप पुन्हा पिशवीत गेला. पिशवी रस्त्यात विसरायला नको म्हणून त्यानंच ती उचलून केबिनच्या सीटवर ठेवली. संगीताचा मोबाईलही त्यातच होता.

चाक बदलून झालं. आईला मागे चढवलं आणि जॅक नेहमीसारखा सीटमागे टाकला.

"पक्का ठेवा ना तो," संगीता म्हणाली.

"आता टाइम हाय काय?"

आता हेही खरं, की आई धापा टाकत असताना जॅक बसवत बसणाऱ्याला लोकांनी वेडाच म्हटलं असतं.

गाडी निघाली तशी सीटमागे खडखड सुरू झाली. बोरी अरबजवळ डांबरी रस्ता लागला, तरी ठकठक चालूच. मागच्यानं पत्रा वाजवला की ड्रायव्हरनं थांबायचं, हे शेंबडं पोरही जाणतं. पण पूनमसिंगच्या कानात जॅकच भरलेला. मागची काच सेवालाल महाराजांच्या चित्रानं पूर्ण झाकलेली, त्यामुळे मागचं काही दिसत नव्हतं.

"तुले तर भंगारातच देतो," तो जॅकला म्हणाला आणि गाडी आणखी दामटली.

गुळगुळीत रस्त्यावर जॅक एवढा का वाजावा, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. ठकठक जोरात झाली, मग विरळ झाली, मग थांबली. बसला वाटतं एकदाचा, म्हणून त्याला हायसं वाटलं.

दवाखान्याच्या दारात गाडी लावून तो मागे धावला. भुरीबाईचं डोकं संगीताच्या मांडीवर होतं. तोंड उघडं, डोळे उघडे. संगीताचे दोन्ही तळहात लालभडक होऊन सुजले होते.

"पंप तुमच्यापाशी राह्यला," ती म्हणाली. "किती वाजवला मी पत्रा. किती वरडली. थांबले काहून नाही?"

"मले वाटलं... मले वाटलं जॅक हाय."

डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

आईला न्यायची वेळ झाली तेव्हा पूनमसिंगनं आधी सीट पुढे पाडली. जॅक खाचेत ठेवला आणि स्क्रू फिरवला. चार फिरक्यांतच तो गच्च बसला. पाणी प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. पूनमसिंग सीटला डोकं टेकवून तिथंच ढसाढसा रडला.

परतीच्या वाटेवर जॅकचा जरासुद्धा आवाज आला नाही. तरीही तांडा येईपर्यंत तो पुन्हापुन्हा गाडी थांबवत होता, उतरून मागे जात होता आणि विचारत होता, "वाजवलं काय तू?"

संगीता सासूच्या तोंडावरचा पदर सावरत बसली होती. पहिल्यांदा तिनं नाही म्हटलं. नंतर उत्तर देणंच सोडून दिलं.